‘काळी’ या शब्दाची द्व्यर्थता : कडकनाथाच्या वर्णनासंबंधी काही विचार

बीड जिल्ह्यातील आठवडे बाजारात ‘काळी कोंबडी’ मागितली तर विक्रेता पिसे दाखवितो; ‘कडकनाथ’ मागितली तर जाणता विक्रेता चोच उघडून जीभ दाखवितो. बाजाराला ठाऊक असलेला हा भेद आपल्या कुक्कुटपालनविषयक लेखनात मात्र पुष्कळदा लोप पावतो. पिसे, कातडी, मांस, एवढेच नव्हे तर रक्त व अंडीदेखील ‘काळी’ या एकाच विशेषणाखाली येतात. प्रस्तुत टिपणात या विशेषणाचीच चिकित्सा करावयाची आहे.

कडकनाथ हा मूळचा मध्यप्रदेशातील झाबुआ भागाचा. तेथील कडकनाथाच्या मांसास 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे तीन प्रकार मानले जातात : पूर्ण काळा, रेखांकित व सोनेरी. पिसे सोनेरी असूनही कोंबडा कडकनाथच ठरतो. चीनकडील सिल्की कोंबडीची पिसे पांढरीशुभ्र आणि कातडी काळी. उलट ऑस्ट्रेलॉर्पची पिसे काळीभोर, पण कातडी पांढरी. तेव्हा पिसांचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा या दोन स्वतंत्र गोष्टी होत.

त्यांची कारणेही भिन्न आहेत. पिसांतील काळ्या रंगाचा विस्तार मुख्यतः ‘एमसी1आर’ या जनुकावर अवलंबून असतो. कातडीच्या काळेपणाचे मूळ विसाव्या गुणसूत्रावरील एका द्विरुक्तीत आहे. तीत ‘ईडीएन3’ हे जनुक सापडते. त्याच्या वाढलेल्या प्रभावाने रंगपेशी वाढतात व आतील ऊतींपर्यंत पसरतात. रक्त मात्र तांबडेच राहते, आणि अंडी फिकट तपकिरी असतात.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. कातडीतील काळा रंग दडपणारे एक प्रभावी जनुक लिंगगुणसूत्रावर असते. बेटसन व पनेट यांनी सिल्कीच्या संकरांवरून 1911 साली हे दाखविले. याच न्यायाने कडकनाथ कोंबडा व पिवळ्या पायांची गावरान कोंबडी यांच्या संततीत नर फिकट निपजतात, पण माद्यांना ते दडपणारे जनुक बापाकडून मिळत नाही व त्या गडद काळ्या होतात. अशी संकरित तलंग ‘अस्सल’ म्हणून विकली गेली, तर केवळ रंग पाहणाऱ्या ग्राहकास फसवणूक कळणार नाही. तिची पिल्ले वाढल्यावरच ती उघड होईल. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या या जिल्ह्यात चार कोंबड्यांचे भांडवलही लहान नसते.

दोष केवळ ‘काळी’ या शब्दाचा नाही. ‘शुद्ध रक्ताची’, ‘अर्ध्या रक्ताची’ हे आपले रूढ वाक्प्रचार आनुवंशिकता म्हणजे दोन द्रवांचे मिश्रण आहे असे सुचवितात. जनुके तशी मिसळत नाहीत. ती दडतात आणि पुढील पिढीत वेगळी होऊन प्रकटतात. रंग दिसतो, बीज दिसत नाही. दिसणाऱ्याचे नाव न दिसणाऱ्यास देणे ही भाषेची सवय आहे. शास्त्रीय गद्याने तिला शरण जाण्याचे कारण नाही.

यासाठी नवी संस्कृतप्रचुर संज्ञा घडविण्याची गरज नाही. ‘काळ्या पिसांची’ व ‘काळ्या कातडीची’ एवढा भेद लेखनात कटाक्षाने पाळला आणि ‘अस्सल’ हा शब्द वंशावळीच्या नोंदीवाचून वापरला नाही, तरी पुष्कळ साधेल. जीभ दाखविणारा विक्रेता निदान पहिल्या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक काटेकोर आहे, हे मान्य केले पाहिजे.