भुताची जात आणि वाचकाचे भय

भयकथेविषयी आपल्या नियतकालिकांतून सहसा लिहिले जात नाही. कविता, आत्मकथन, फार तर ग्रामीण कथा, एवढ्यावर आपली समीक्षा थांबते. आपला वाचक मात्र भयकथा वाचतो, आणि आवडीने वाचतो. ज्या वाङ्मयाला आपली माणसे रात्री जागून वाचतात त्याविषयी आपण मौन पाळावे, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून गेल्या वर्षभरात देवळी, पुलगाव, हिंगणघाट आणि समुद्रपूर या भागांतल्या काही विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना मी रक्तपिपासूंच्या व भुताखेतांच्या कथा वाचायला दिल्या. नारायण धारपांची 'लुचाई' ही कादंबरी होती. ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या काही कथा होत्या. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची (१८९७) गोष्ट मी तोंडी सांगितली. मग ज्याला जे वाटले ते बोलू दिले. या मतांची नोंद करणे आणि ती तपासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्यकर्त्यांचे मत ठरलेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा आपण देव, दैवते, भगत, अंगारे-धुपारे सगळे सोडले. आता ही भुते पुस्तकाच्या वाटेने परत घरात का घ्यायची, असा त्यांचा सवाल. शिक्षकांचे मत वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी आले. हे साहित्य नव्हे, करमणूक आहे, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. विद्यार्थी हसले. त्यांना मजा आली होती. त्यांतली समुद्रपूरकडची एक मुलगी जे म्हणाली ते मी लिहून ठेवले आहे : "सर, पुस्तकातलं भूत पुस्तक मिटलं का चाललं जाते. सावकार काई जात नाही."

प्रथम कार्यकर्त्यांचे मत घेऊ. भयकथा वाचणारा माणूस भुतावर विश्वास ठेवतोच असे नाही. उलट ज्याच्या मनातून भूत गेले आहे तोच ते मौजेने वाचू शकतो. ज्या घरात खरोखर करणी-भानामतीची दहशत आहे, तिथे रक्तपिपासूची कथा करमणूक होऊ शकत नाही. तेव्हा आपली मुले हसत वाचतात हे धम्मदीक्षेचे अपयश नसून यशच आहे. परंतु कार्यकर्त्यांच्या सवालात एक खरी कळ आहे. भीती हा आपल्याकडे धंदा होता. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' (१८५५) हे नाटक लिहिले ते याच विषयावर. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्या घरातला पैसा काढून नेतो. म्हणजे आधुनिक मराठीतले हे आरंभीचे नाटक भयाच्या अर्थशास्त्राचे आहे. फुल्यांनी त्यात भूत दाखवले नाही, भूत दाखवून पोट भरणारा दाखवला.

इथून मला भयकथा वाचण्याची एक रीत सापडते. कथा हाती घेतली की तीन गोष्टी विचाराव्यात. भितो कोण? भय कोणाच्या रूपाने येते? आणि ते घालवण्याचा अधिकार कोणाला आहे?

मराठी भुतांना जात असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्याचा अर्थ लावला नाही. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. धनाच्या वासनेने अडकलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात मेलेली बाई अळवंत किंवा हडळ होते. जिला जिवंतपणी सुईण धड मिळाली नाही, औषध मिळाले नाही, तिलाच मेल्यावर गावाने दोषी धरले! स्मशानाच्या पलीकडेही वर्णव्यवस्था जशीच्या तशी उभी आहे, आणि तिथेही बाईच्या वाट्याला बदनामीच आली आहे.

वेताळाचे पाहा. विक्रम राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि ती पराक्रमाची कथा होते. महाराने मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेले की तो विटाळ होतो. मढे तेच, खांदा बदलला की मूल्य बदलते. मृतमांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. त्यामागे खांद्यावरचे हे ओझे फेकण्याचा निर्धार होता.

आता तिसरा प्रश्न. युरोपातल्या कथेत रक्तपिपासूवर क्रूस आणि पवित्र पाणी चालते. ती कथा मराठीत आली की त्या जागी मंत्र, यंत्र आणि उपासना येते. धारपांच्या अनेक कथांत संकटात सापडलेले कुटुंब मध्यमवर्गीय असते आणि त्याला सोडवणारा पुरुष ज्ञानी, संयमी, साधना केलेला असतो. धारप (१९२५–२००८) मोठे कथाकार होते. घरातला नेहमीचा जिना, नेहमीची खोली हळूहळू परकी करून टाकण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे, आणि तिला दाद न देणे कोतेपणाचे होईल. पण भय घालवण्याची विद्या ठरावीक संस्कारातल्या माणसाकडेच असते, हे गृहीतक त्यांच्या जगात फारसे हलत नाही. मतकरी (१९३८–२०२०) भयाला माणसाच्या मनात शोधतात. त्यामुळे त्यांच्या गूढकथेत मांत्रिकाची गरज कमी होते. माझ्या वाचकांपैकी बहुतेकांना धारप अधिक 'भारी' वाटले आणि मतकरी अधिक दिवस आठवत राहिले. हा निवाडा मला योग्य वाटतो.

शिक्षकांचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. करमणूक आणि साहित्य यांच्यातली भिंत ज्यांनी बांधली, त्यांनीच एके काळी अण्णाभाऊ साठ्यांनाही भिंतीबाहेर ठेवले होते. अण्णाभाऊंची (१९२०–१९६९) 'स्मशानातील सोनं' ही कथा मी मुद्दाम शेवटी वाचायला दिली. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा चितेच्या राखेत सोने शोधू लागतो, मग प्रेते उकरू लागतो. रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो एका प्रेतापर्यंत पोहोचतो. त्याच्या तोंडात बोटे घालतो आणि जबडा मिटतो. भीमाची बोटे जातात. आणि नेमकी त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होते; आता त्या हातांनी दगड फुटणार नाही.

मेलेला माणूस जिवंताला चावतो, ही रक्तपिपासूच्या कथेचीच कल्पना आहे. इथे मात्र भूत नाही, मंत्र नाही, कोणाची वासना अडकलेली नाही. एक बंद पडलेली खाण आहे आणि एक भुकेले घर आहे. वाचून झाल्यावर विद्यार्थी हसले नाहीत. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्येही (१९८१) विहिरीतले प्रेत आहे, आणि ते राखायचे काम महाराच्या माथी आहे. त्या प्रेताहून हुकूम देणारा पोलीस अधिक भयंकर वाटतो. दलित साहित्यात मढी पुष्कळ आहेत, भुते नाहीत. कारण मढे उचलणाऱ्याला भुताची चैन परवडत नाही.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येतो. सावकाराला रक्तपिपासू म्हणणे नवे नाही. मार्क्सने 'भांडवल'मध्ये (१८६७) भांडवलाला हीच उपमा दिली : ते मेलेले श्रम आहे आणि जिवंत श्रमांवर जगते. ड्रॅक्युला स्वतः गढीत राहणारा सरदार आहे, हेही विसरू नये. कापसाच्या या जिल्ह्यात, जिथे कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तिथे ही उपमा वाचकाला आपोआप सुचते. पण ती सोपीही आहे. कथेतल्या रक्तपिपासूला एक छाती असते, तीत खुंटी ठोकली की गाव मोकळे होते. जातीला अशी एकच छाती नाही.

माझ्या मते या कथांतली खरी उपयोगाची कल्पना दुसरीच आहे. ज्याला चावले तोही चावणारा होतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे मांडले त्याच्याशी याचे नाते आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याकडून दुखावला जातो आणि खालच्याला दुखावण्याचा हक्क राखून ठेवतो. म्हणूनच तो व्यवस्था मोडायला पुढे येत नाही. फरक एवढाच की कथेत चावा मिळाला की सारे सारखेच रक्तपिपासू होतात. जातीत चावण्याचा हक्कसुद्धा पायरीपायरीने कमी होत जातो. आपल्या कथाकाराने भयकथा लिहायची तर इथून लिहावी.

आणि हे केवळ वाङ्मयीन प्रकरण नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे या कायद्याने गुन्हा आहे. असा आरोप बहुधा एकट्या, विधवा, गरीब बाईवर होतो. म्हणजे कथेतले भूत खोटे असले तरी भूत ठरवली गेलेली बाई खरी असते. आजवरच्या भयकथेत आपण तिच्याकडे गावाच्या डोळ्यांनी पाहिले. दाराशी जमलेल्या, हातात काठ्या घेतलेल्या गावाकडे तिच्या डोळ्यांनी पाहणारी कथा अजून लिहायची आहे.

तोवर विद्यार्थ्यांनी धारप वाचावेत, मतकरी वाचावेत, आणि त्यांच्या शेजारी अण्णाभाऊ ठेवावेत. वाचनालयांनी ही पुस्तके कपाटात कोंडू नयेत. कार्यकर्त्यांनी बंदीची भाषा सोडून ते तीन प्रश्न वाचकाच्या हाती द्यावेत. ज्याला ते विचारता येतात त्याला कोणत्याही पुस्तकातल्या भुतापासून धोका नाही.