माळ वाढते तेव्हा

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या चाळीत पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की पुढच्या महिना-दीड महिन्यात कुणाला तरी कावीळ व्हायचीच. १९८४ साली ती मला झाली. मी अकरा वर्षांची होते. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, लघवीचा रंग विचारला आणि आईला सांगितलं, "याला औषध नाही. तेलकट देऊ नका, झोपवून ठेवा." वैद्यकदृष्ट्या हा सल्ला अचूक होता. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर आजही नेमकं असं औषध नाही. पण आईने त्यातलं एकच ऐकलं: डॉक्टरांनी हात वर केले.

रविवारी पहाटे ती मला माळ घालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन गेली. बाई पैसे घेत नसत. ओल्या देठांचे पेराएवढे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून केलेली, जेमतेम डोक्यावर बसेल एवढी माळ त्यांनी मला घातली. दोन दिवसांत ती गळ्यात उतरली, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत आली. आई रोज संध्याकाळी बोटं लावून मोजायची. माळ वाढत गेली, डोळे निवळत गेले.

याचं स्पष्टीकरण अवघड नाही. ओले देठ सुकतात, आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होऊन लांबतो. कावीळ बहुधा आपल्या गतीने काही आठवड्यांत उतरते. दोन घड्याळं शेजारी ठेवली आहेत, दोन्ही पुढे सरकतात, म्हणून एक दुसऱ्याला चालवतं असं वाटतं. चुन्याच्या पाण्यात हात धुवून 'कावीळ काढण्या'चंही तसंच. आंब्याच्या सालीचा रस आधीच हाताला लावलेला असतो, चुन्याशी तो पिवळा होतो. पण या दोन्हींत एक मोठा फरक आहे. सालीचा रस लावणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असतं. आमच्या बाईंना ते ठाऊक नव्हतं. एकीला फसवणूक म्हणता येईल, दुसरीला काय म्हणायचं?

मानवशास्त्राने हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला आहे. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश अभ्यासकाने सुदानमधल्या अझांदे लोकांवरचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण विख्यात आहे. वाळवीने खांब पोखरले म्हणून कोठार पडतं, हे अझांदेंना माहीत असतं. पण नेमकं त्याच क्षणी, नेमका हाच माणूस खाली का बसला होता, याचं उत्तर ते चेटकात शोधतात. विषप्रयोगाचा कौल चुकला तर विष वाईट होतं, कुणी विधी मोडला, अशी कारणंही त्यांच्याकडे तयार असतात. म्हणजे विचार तर्कशुद्ध, फक्त त्याला बाहेर पडायची वाट नाही. पीटर विंच यांनी १९६४ मध्ये यावर हरकत घेतली: आपल्या विज्ञानाच्या मापाने त्यांचं जग मोजायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? रॉबिन हॉर्टन यांनी १९६७ मध्ये मधली वाट काढली. पारंपरिक विचारही विज्ञानासारखाच दृश्यामागचं अदृश्य कारण शोधतो. फरक एवढाच की त्या समाजात पर्यायी सिद्धांतांची जाणीव नसते, म्हणून तो 'बंद' राहतो.

मला हॉर्टन सर्वांत जवळचे वाटतात आणि घाटकोपरला तेच सर्वांत कमी लागू पडतात. इथे पर्यायांची जाणीव नाही असं कोण म्हणेल? एका हातात बिलिरुबिनचा रिपोर्ट, गळ्यात माळ, स्वयंपाकघरात भुईआवळीचा रस आणि दारात उसाच्या रसाचा तांब्या, हे दृश्य मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही पावसाळ्यात दिसेल. चार्ल्स लेस्ली यांच्या १९७६ च्या संपादित ग्रंथानंतर याला 'वैद्यकीय बहुविधता' म्हणायची पद्धत पडली. नाव छान आहे. पण नाव दिलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, ही या शाखेची जुनी खोड आहे.

शिवाय ही सगळी मंडळी 'पारंपरिक' या एकाच गाठोड्यात सगळं बांधतात. आपल्याकडे ते चालत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, उपचारांचे तीन प्रकार केले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. त्याच अध्यायात 'युक्ती' हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. मंत्र-मणी आणि विचारपूर्वक योजलेलं औषध यांतली रेघ कुणा इंग्रजाने येऊन ओढलेली नाही. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये या रेघेवरच आपला सगळा युक्तिवाद उभा केला. तो काही ठिकाणी ताणलेला आहे, पण पाया पक्का आहे.

काविळीपुरतं पाहा. चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचं वर्णन येतं. सर्वसाधारण कामलेला विरेचन सांगितलं आहे. पण रुग्णाचा मळ तिळाच्या पेंडीसारखा पांढुरका असेल तर पित्ताची वाट अडली आहे असं समजावं आणि आधी कफ दूर करून ती मोकळी करावी, असं चरक सांगतो. आजचा डॉक्टरही पांढऱ्या मळाचं नाव निघताच पित्तनलिका अडली का ते पाहतो. चरकाचा कफ आपण मानू किंवा न मानू. पण त्याने दोन काविळी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांचे उपचार वेगळे केले. माळेला सगळ्या काविळी सारख्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांनी भुईआवळीच्या जातीतल्या एका वनस्पतीने बी प्रकारच्या काविळीचे वाहक बरे होतात असा निकाल छापला. केवढा आनंद झाला होता! पुढच्या चाचण्यांत तो टिकला नाही. पण भुईआवळीचा दावा चूक ठरू शकला, ही तिची प्रतिष्ठाच म्हणायची. माळेला ती संधी कुणी दिलीच नाही.

आणि आता जे सांगायचं टाळत आले ते.

माझ्यानंतर पाच वर्षांनी चाळीतल्या एका सुनेला कावीळ झाली. तिला सातवा महिना होता. आईनेच तिला बाईंकडे नेलं, माझ्या अनुभवाच्या भरवशावर. माळ उत्तम वाढत होती. पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली तेव्हा माळ बेंबीपर्यंत आली होती, आणि म्हणूनच घरचे आणखी एक रात्र थांबले. इस्पितळात तिसऱ्या दिवशी ती गेली. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत फार घातक असते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तेव्हाही हेच दिसलं होतं. लवकर नेलं असतं तर ती वाचली असतीच, असं मी म्हणत नाही. पण तिला ती संधी मिळाली नाही.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या प्रसंगाला हात लावू शकला नसता. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणं हा गुन्हा आहे. काविळीचं नाव त्या कलमात नाही, आणि बाईंनी कुणाला रोखलंही नव्हतं. "डॉक्टरचं चालू ठेवा," असंच त्या सांगत. माळेने रोखलं ते तिच्या लांबीने. उपचार म्हणून ती निरुपद्रवी होती. मोजमाप म्हणून ती खोटी होती. विंच यांच्या सहिष्णुतेशी माझं भांडण इथे आहे. माळ हे निव्वळ प्रतीक असतं तर मी गप्प बसले असते. पण आई तिच्याकडे प्रतीक म्हणून पाहत नव्हती, आकडा म्हणून पाहत होती.

काही वर्षांनी मी तशीच एक माळ आणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. आठवड्यात ती चांगली लांबली. आईला दाखवली. तिने कणीक मळता मळता पाहिलं आणि म्हणाली, "खिळ्याला कावीळ होती का? मग त्याला घातलीसच कशाला?" इव्हान्स-प्रिचर्ड असते तर त्यांनी लगेच वही काढली असती. मीही हरले असं समजून माळ उतरवली.

पण त्यांच्या वहीत न मावलेली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला आणखी दहा वर्षं गेली. चाळीतल्या बायका कावीळ झाली की अजून आईकडे येत. ती त्यांना माळेचा पत्ता देई, पथ्य सांगे, पाणी उकळायला सांगे. त्याआधी मात्र ती दोन प्रश्न विचारी: दिवस गेलेत का, आणि बोलण्यात गोंधळ होतोय का. उत्तर 'हो' आलं की माळेचं नाव नाही. ती स्वतः पदर खोचून रिक्षा बोलवायला खाली उतरायची.