‘फिरंगरोग’ ते ‘गुप्तरोग’ : नावाचा दोष

‘सिफिलिस’ हे नाव १५३० साली व्हेरोना येथे प्रसिद्ध झालेल्या फ्राकास्तोरोच्या लॅटिन काव्यातून आले. तत्पूर्वी इटलीत या रोगास ‘फ्रेंच रोग’ व फ्रान्सात ‘नेपल्सचा रोग’ म्हणत; सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’नेही त्यास ‘फिरंगरोग’ म्हटले. दोष सर्वत्र परक्याच्या माथी गेला. काव्याच्या शीर्षकात फ्रेंचांचा उल्लेख राहिला, तरी नवे नाव कोणत्याही देशाकडे बोट दाखवीत नाही, हे फ्राकास्तोरोचे श्रेय होय. परंतु त्याच्या कथेतील मेंढपाळ सूर्यदेवाच्या अवमानाचे फळ भोगतो. परकेपणाची जागा पाप घेते. पारा व ग्वायकम काष्ठाचे उपचार सांगणाऱ्या वैद्यकवीची ही मर्यादाच म्हणावी लागेल.

मराठीतील ‘गुप्तरोग’ हा शब्द तीच लज्जा पुढे चालवितो. १९४३ साली पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यापासून हा रोग बरा करता येतो. गर्भवतीची वेळीच रक्ततपासणी व उपचार झाल्यास अर्भकही बहुधा बचावते. मात्र रोगी बोललाच नाही, तर जोडीदारावर उपचार होत नाहीत आणि संसर्गाची साखळी तुटत नाही. लपविण्यास शिकविणारा शब्द निवारणाच्या आड येतो. ‘लैंगिक संसर्ग’ ही संज्ञा नीरस खरी. पण ती संसर्गाचा मार्ग सांगते, निवाडा करीत नाही.