तिघांतला तिसरा

स्मृती हरपणे हा आपल्या चित्रपटांतील जुना अपघात आहे. डोक्याला मार बसतो, नायिका सारे विसरते आणि शेवटास तितक्याच अकस्मात तिला सारे आठवते. बालू महेंद्र यांच्या १९८३ च्या 'सदमा'ने ही ठरीव युक्ती उलटवली. तेथे परत आलेली स्मृतीच प्रेमाच्या मुळावर उठते. ज्याने तिला सांभाळले, त्यालाच बरी झालेली मुलगी आगगाडीतून ओळखत नाही.

अविनाश अरुण यांच्या 'थ्री ऑफ अस'मध्ये असा कोणताही धक्का नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आलेला हा चित्रपट भाषेने हिंदी, पण त्याची माती कोकणची आहे. दिग्दर्शकाचा 'किल्ला' पाहिलेल्यांना ती ओळखू येईल. मुंबईच्या शैलजा देसाईंना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, आणि ती होते आहे हे त्यांना समजते आहे. सारे पुसले जाण्याआधी बालपणीचे वेंगुर्ले पाहावे म्हणून त्या पती दीपंकरसह तेथे जातात. शाळासोबती प्रदीप कामत तेथे भेटतो. तोही आता संसारी, बँकेत नोकरीला.

शेफाली शाह व जयदीप अहलावत यांच्या अभिनयाची पुरेशी प्रशंसा झाली आहे आणि ती योग्यच आहे. मला बोलायचे आहे ते स्वानंद किरकिरे यांच्या दीपंकरविषयी. पत्नी बालमित्रासह जुन्या वाटा धुंडाळते, तेव्हा हा गृहस्थ मागे उरतो. येथे ती जशी खुलली तशी आपल्या संसारात कधी खुलली नाही, हे त्याला उमगते आणि तो दुखावतो. कसोटी लागते ती याच्या प्रेमाची. प्रदीपच्या वाट्याला तिच्या आठवणी आल्या. दीपंकरच्या वाट्याला तिचे विस्मरण येणार आहे.

चित्रपट मात्र त्याच्यापाशी पुरेसा थांबत नाही. छायाचित्रणही अरुण यांचेच. ते इतके रमणीय आहे की आजारातील चिडचीड, रात्रीची जागरणे, शुश्रूषेचा शीण दृष्टीआड होतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'त वृद्ध पंडित हत्तीमागे चालत जातात, तेव्हा त्यांच्या लेकीची दमणूकही आपल्याला दिसते. ती दमणूक येथे हवी होती.

सुखात, दुःखात, आजारपणात साथ देण्याचे वचन मी वेदीपुढे कितीतरी जोडप्यांकडून घेतले आहे. सक्करदऱ्यात एका घरी आजारी वृद्धेला पवित्र कम्युनियन देण्यास मी जात असे. शेजारी बसलेल्या पतीकडे पाहून तिने एकदा मला विचारले, "फादर, हे कोण?" मी उत्तर शोधू लागलो. "पाहुणा आहे," ते स्वतःच म्हणाले. तेव्हा तिने अगत्याने त्यांना चहा घेऊन जाण्याचा आग्रह केला. ते उठले, दोघांसाठी चहा करून आणला, आणि पाहुण्यासारखे तिच्यासमोर बसून प्याले.