दोन रंगांच्या मधली जागा

मोबाईल ॲपची पार्श्वभूमी कोडमधून रंगवणं आज फार सोपं झालं आहे. २०१९ मध्ये आलेल्या ॲपलच्या स्विफ्टयूआयमध्ये सरळ रेषेतला ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा, दोन-तीन ओळींत लिहून होतो. त्यावर कोपऱ्यातून पसरणारा वर्तुळाकार ग्रेडियंट, त्यावर एखादा अर्धपारदर्शक थर, की स्क्रीन तयार. फ्लटर आणि जेटपॅक कंपोज या साधनांमध्येही हेच जमतं. सोय वाढली, पण रंगाकडे बघण्याची सवय तेवढी वाढली नाही. बहुतेक ॲपमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा रंग मनापासून निवडलेला असतो, मधला भाग मात्र यंत्रावर सोपवलेला.

तो मधला भागच कसोटीचा. शुद्ध पिवळ्याकडून शुद्ध निळ्याकडे ग्रेडियंट काढला, तर नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांची वेगवेगळी सरासरी निघते. बरोबर मध्यावर तिन्ही आकडे १२८ होतात, म्हणजे निव्वळ राखाडी. ब्योर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेली ओकेलॅब ही रंगपद्धती डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा हिशेब धरते. तिच्यात हाच मध्य अधिक उजळ आणि निळसर येतो. वेबच्या सीएसएसने ती स्वीकारली आहे. ती हाताशी नसेल तर मध्ये एक तिसरा रंग स्वतः निवडून घालावा. हा उपाय मला कमीपणाचा वाटत नाही, कारण त्यासाठी त्या जागेकडे नीट बघावं लागतं.

गडद थीममध्ये दुखणं वेगळं. आठ बिटांच्या रंगात प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या. करड्या छटेचं मूल्य २० वरून ४० पर्यंत नेत २४०० पिक्सेल उंचीची स्क्रीन भरायची, तर एकेक पायरी सुमारे १२० पिक्सेलची होते आणि आडवे पट्टे उघडे पडतात. वर बारीक दाणेदार थर दिला की ते विरतात. असा थर मला मनापासून आवडतो, कारण त्याला काम आहे.

आयओएसवर आणखी एक खोच आहे. तिथला ‘क्लिअर’ हा पारदर्शक रंग म्हणजे शून्य अपारदर्शकतेचा काळा. पांढरा त्याच्याकडे विरवला की कडेला मळकटपणा येऊ शकतो. पांढराच शून्य अपारदर्शकतेने घ्यावा.

२०२४ मध्ये आयओएस १८ सोबत मेश ग्रेडियंट आला. बिंदूंची जाळी, प्रत्येक बिंदूला रंग. साधन अप्रतिम आहे. पण तेव्हापासून जांभळ्या-गुलाबी ढगांचं सरकणं मजकुरामागेही सुरू झालं, आणि ते मला खटकतं. साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट हवा. रंग हलत असतील, तर तो सगळ्यात वाईट क्षणी मोजला पाहिजे. उलट ॲपलच्या हवामान ॲपमध्ये आकाश वेळेनुसार आणि हवेनुसार बदलतं. तिथे रंग सांगतात की बाहेर ऊन आहे, ढग आहेत, की रात्र झाली आहे. मला हवी आहे ती पार्श्वभूमी या जातीची.