‘उभे’ आणि ‘स्थावर’

स्थावर म्हणजे न हलणारे, असे कोश सांगतात. ही व्याख्या ना बोलण्यात पुरी पडते ना कोर्टात, असे माझे मत आहे.

न हलण्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. ढिम्म, मख्ख, ठाण मांडणे, बूड न हलवणे. पण हे आपण म्हणतो कोणाला? कारकून ढिम्म बसतो, पाहुणा ठाण मांडतो, म्हैस रस्त्यातून जागची हलत नाही. डोंगराला कोणी ढिम्म म्हणत नाही (कवी म्हणत असतील तर म्हणोत). ज्याला हलता आले असते, त्याच्याच न हलण्याची दखल आपली बोली घेते.

कायद्याचे याहून वेगळे असेल असे वाटते. प्रत्यक्षात 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्थावर म्हणजे काय हे सांगितलेलेच नाही. काय नव्हे तेवढे आहे. उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत स्थावर नव्हेत. ‘स्थावर’ ज्या ‘स्था’ धातूतून आला त्याचा अर्थच उभे राहणे, आणि उभे पीक तेवढे स्थावर नाही! जुन्या शास्त्रकारांनी तर वृक्षवेली स्थावर सृष्टीतच घातल्या होत्या. पुढे 1897च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीशी जखडलेल्या वस्तू स्थावर ठरवल्या. म्हणजे सागाचे झाड स्थावर. तेच ‘उभे लाकूड’ म्हटले की जंगम. एकाच झाडाची ही दोन नावे. मग कोणते केव्हा लावायचे?

याचे उत्तर ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ या 1958च्या निकालात मिळते. पूर्व विदर्भातल्या एका जमीनदाराने एप्रिल 1948मध्ये 26,000 रुपये मोबदल्याचा लेख पत्नीच्या नावे करून दिला. जंगलात शिरून बांबू, जळाऊ लाकूड आणि साग तोडून नेण्याचा हक्क, मुदत डिसेंबर 1960पर्यंत. लेखाची नोंदणी झालेली नव्हती. 1951मध्ये जमीनदारी गेली, वनखात्याने तोड अडवली आणि बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. (मधल्या काळात, 1956मध्ये, जंगल होते तिथेच राहिले आणि जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. खटल्याच्या नावातले ‘मुंबई’ ते हे.)

न्या. विवियन बोस यांचे स्वतंत्र निकालपत्र मला कायद्याइतकेच भाषेच्या दृष्टीने मोलाचे वाटते. झाड लवकरच तोडायचे असेल, तर ते मुळांवर उभे असूनही लाकूडच आहे. पण ते वर्षानुवर्षे जमिनीतून पोषण घेत राहणार असेल, तर ते झाड, म्हणून स्थावर. इथे मुदत बारा वर्षांहून अधिक, म्हणून हक्क स्थावरातला. आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराला नोंदलेला दस्तऐवज हवा. बाईंच्या हाती काही उरले नाही.

तर्क निर्दोष आहे, आणि तरी तो मला सलतो. एकदोन हंगामांची तोड लिहून दिली असती, तर तेच साग जंगम ठरू शकले असते आणि नोंदणीचा प्रश्न इतका आडवा आला नसता. नवऱ्याने देताना हात सैल सोडला, तोच नडला. पण निकाल भाषेला धरून आहे एवढे खरे. झाड हलते का, हे तिथे कोणी विचारलेच नाही. ते कधी हलवायचे ठरले आहे, हे विचारले. म्हशीकडे पाहताना आपण तरी दुसरे काय करतो?

आपल्या परंपरेत तर जमिनीला न टेकलेलेही स्थावराच्या पंक्तीला बसले. याज्ञवल्क्यस्मृतीत आजोबांच्या मिळकतीत जमिनीशेजारी ‘निबंध’ येतो, म्हणजे कायमची बांधून दिलेली नेमणूक. विज्ञानेश्वर ‘मिताक्षरे’त त्याचे उदाहरण देतो: पानांच्या एका ओझ्यामागे इतकी पाने, सुपारीच्या ओझ्यामागे इतक्या सुपाऱ्या. पाने सुकतात, सुपारी कातरली जाते, हक्क मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही. याच आधारावर एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयाने वंशपरंपरागत भिक्षुकी वृत्तीला स्थावर मिळकत मानले. त्याच सुमारास, 1874मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. तेव्हापासून मराठीत निबंध म्हटले की कोणाला सुपारी आठवत नाही.