‘कामगार’, ‘मजूर’ आणि ‘कोयता’ : महासंघांच्या नामरचनेची एक चिकित्सा

राष्ट्रीय कामगार महासंघांचा विचार बहुधा इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने केला जातो. त्यांच्या नावांची चिकित्साही तितकीच उद्बोधक ठरते. कारण आपण कोणाच्या वतीने बोलतो हे महासंघ प्रथम आपल्या नावातूनच सांगत असतो.

१९२० साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस आणि १९४७ ची भारतीय राष्ट्रीय ट्रेड युनियन काँग्रेस यांनी इंग्रजी संज्ञाच पत्करल्या. या नावांत संघटना आहे. श्रम करणारा माणूस नाही. हिंद मजदूर सभा (१९४८) आणि भारतीय मजदूर संघ (१९५५) यांनी त्याला नावात स्थान दिले, परंतु हिंदी रूपाने. हिंदीतील ‘मजदूर’ गिरणीत राबणाऱ्यास व शेतात राबणाऱ्यास सारखाच लागू पडतो. मराठीत ही व्याप्ती दुभंगते. कारखान्याच्या हजेरीपटावर असतो तो सामान्यतः ‘कामगार’; शेतात किंवा रोजंदारीवर राबतो तो ‘मजूर’. दोन्ही शब्दांवर फारसीची छाप आहे. तेव्हा भेद व्युत्पत्तीचा नसून प्रतिष्ठेचा आहे, हे उघड होय.

राहाता परिसरासारख्या साखरपट्ट्यात हा भेद विशेष ठसठशीत होतो. आजच्या राहाता तालुक्यातील लोणीजवळ, प्रवरानगर येथे, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५७ साली केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले, तेव्हा या उद्योगातील ‘कामगारा’चे वेतन हा राष्ट्रीय विचाराचा विषय झाला. ऊस तोडणारा मात्र मुकादमाची उचल घेऊन फडावर येतो आणि त्याची गणना ‘कोयत्या’त होते. नवराबायकोचे जोडपे मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. येथे हत्याराचे नाव माणसांचे एकक बनले आहे. या एककात स्त्रीचे श्रम समाविष्ट आहेत, पण तिची स्वतंत्र गणना नाही.

या पार्श्वभूमीवर ‘ऊसतोड कामगार’ हा रूढ होत गेलेला प्रयोग केवळ सौजन्याचा मानता येत नाही. ‘मजुरा’साठी ‘कामगारा’चे हक्क मागणारा तो एक दावा आहे. नाव बदलल्याने मजुरी वाढत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो अपुरा आहे. सभासदत्व, वेतन, भरपाई या साऱ्यांच्या मुळाशी ‘एक’ म्हणून कोणाला मोजावयाचे हा प्रश्न असतो. संघटनेचे सभासदत्व व्यक्तीला मिळते, कोयत्याला नाही. म्हणून महासंघाच्या ‘राष्ट्रीय’ या विशेषणाची कसोटी दिल्लीतील अधिवेशनात लागत नाही. फडावरच्या एका कोयत्यामागे दोन नावे तो लिहून घेतो की नाही, यावर ती लागते.